चढावरची पावलं

आमच्या सातारा जिल्ह्यात प्राण्यांच्या पावलांचे जीवाश्म शोधायला कुणी येत नाही, आणि ते बरोबरच आहे. इथला दगड लाव्ह्याचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तप्त रस वाहत राहिला, थरावर थर चढला, आणि पुढं पावसानं नि नद्यांनी त्यातूनच आपले डोंगर कोरले. अजिंक्यतारा काय, वर्धनगड काय, माणदेशातला वारुगड काय, सगळे त्याच काळ्या पाषाणाचे. त्या रसावर पाऊल कोण टाकणार! सांगलीकडं उतरलं तरी तेच. दंडोबाचा डोंगर, सागरेश्वर, जतचा माळ, सगळीकडं खाली काळा दगड आणि वर मुरूम.

तरीही बरीच वर्षं माझं मन ज्या विषयात गुंतलंय, तो विषय वाळूतल्या पावलांचा आहे. वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्यांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी जी जनावरं चालत गेली, त्यांची पावलं त्या टेकड्यांसकट दगड झाली. पावलं उमटवणारा जीव गेला, त्याचं कूळही बहुतेक वेळा संपलं, पण एका सकाळी तो कुठून कुठं गेला, थांबला का, घसरला का, हे आज डोळ्यांनी बघता येतं. ह्या विषयाची ओढ मला माणगंगेनं लावली.

माझं आजोळ माण तालुक्यात, म्हसवडच्या जवळ. माणगंगा कुळकजाईच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, दहिवडी, म्हसवड करत आटपाडीकडं सांगली जिल्ह्यात शिरते आणि पुढं सांगोल्यावरून जाऊन भीमेला मिळते. नदी म्हणायची, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात पाणी नसायचं, वाळू असायची. पांढरट, भरड, चांगली खोल वाळू. उन्हाळ्यात दुपारी सुटलेला वारा ती वाळू उचलून काठाशी आणायचा आणि बाभळीच्या बुंध्यांना अडून तिथं ढीग साचायचे. पहाटे नदीत उतरलं की रात्रभर कोण कोण येऊन गेलं ते सगळं लिहून ठेवलेलं असायचं. ससा, खोकड, मुंगूस, तित्तर, विंचू, शेपूट ओढत गेलेला सरडा. ऊन चढलं, वारा सुटला की पाटी कोरी.

मग ही अशी, अर्ध्या दिवसात पुसली जाणारी गोष्ट अठ्ठावीस कोटी वर्षं टिकते कशी? हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या कोकोनिनो वालुकाश्मातल्या पावलांचा फोटो बघत होते. फिकट पिवळसर दगडाची तिरकी लादी, आणि तिच्यावरून वर चढत गेलेली लहान, गोलसर, बोटांचे टोकदार ठसे असलेली पावलं. डावं, उजवं, डावं, उजवं. इतकी ताजी, की कुणीतरी आत्ताच गेलंय असं वाटावं.

उत्तर शोधायला मला पुस्तकांपेक्षा नदीकाठचे ढीग जास्त उपयोगी पडले. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू लांब, निवांत चढाची आणि घट्ट. आडोशाची बाजू उभी, तीस ते चौतीस अंशांच्या आसपास उतरणारी. माथ्यावरून वाळू ह्या उभ्या बाजूवर येऊन पडते, थोडी साठते आणि एकदम घसरते. असा एकेक थर ह्या उतारावर बसत जातो आणि टेकडी पुढं सरकते. म्हणजे टेकडीच्या पोटात तिरक्या थरांची चळत तयार होते. वालुकाश्माच्या कड्यात जे तिरके पट्टे दिसतात ते हेच, एकेकाळचे उतार. बहुतेक जुनी पावलं ह्या उतारांवरच सापडतात, कारण तिथं वाळू साठते. वाऱ्याच्या बाजूला ती झिजते, आणि तिथलं पाऊल तिच्याबरोबर उडून जातं.

पण नुसतं गाडलं जाणं पुरत नाही. कोरड्या वाळूत पाऊल टाकलं की कडा लगेच ढासळतात आणि खळगा तेवढा उरतो. दहिवर पडलं असेल, धुकं असेल, पावसाचा हलका शिडकावा झाला असेल, तर वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात. पाऊल उमटतं, त्याच्या कडा उभ्या राहतात, आणि मग वारा सुटून वरून कोरड्या वाळूचा पातळ थर अलगद येऊन पडतो. जो वारा एरवी पुसतो तोच झाकतो. फरक फक्त कुठल्या बाजूला आणि किती वेळानं, एवढाच. त्यानंतर वर वाळू साठत जायची, खालची दबत जायची, पाण्याबरोबर चुना, सिलिका किंवा लोह आत उतरून कणांना जोडून टाकायचे. पुढं कधीतरी ह्या दगडाची लादी नेमकी त्याच दोन थरांच्या मधून उकलते. खालच्या लादीवर खोलगट पाऊल, वरच्या लादीच्या पोटावर त्याचाच उठाव. एका पावलाचे दोन पुरावे.

एक गोष्ट मला माणगंगेच्या काठी बसून फार जवळून बघता आली. बाभळीला अडलेल्या ढिगावरून सकाळी मेंढरं गेली होती. दहिवर अजून सुकलं नव्हतं. मी उताराला गाल लावण्याइतकी वाकून एकच खूर बघितला. दोन नखांची फट स्वच्छ, पुढची टोकं खोल रुतलेली, आणि पावलाच्या मागं, उताराकडच्या अंगाला, वाळूची एक कोर उठलेली. मेंढीनं वर चढताना मागं रेटा दिला आणि वाळू खाली सरकून तिथं जमली. त्या कोरीवर केसाएवढ्या बारीक भेगा होत्या, एकमेकींना समांतर. अगदी हीच कोर कोकोनिनोच्या दगडावर पावलापावलामागं दिसते. ती कोर बघून तज्ज्ञ सांगतात की उतार कुठल्या दिशेला होता आणि जनावर चढत होतं की उतरत होतं. दगडातली कोर आणि ओल्या वाळूतली कोर ह्यांत मला तरी फरक सांगता आला नाही.

ह्या चढण्याचीच एक गंमत आहे, आणि ती फार विचार करायला लावते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातला चार्ल्स गिलमोर १९२४ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या हर्मिट वाटेवर गेला. तो खरा डायनोसॉरच्या हाडांचा माणूस. पण तिथं त्यानं पावलांच्या लाद्याच्या लाद्या जमवल्या आणि १९२६ पासून तीन वर्षांत त्यांच्यावर तीन निबंध लिहिले. त्याच्या लक्षात आलं की ही पावलं जवळजवळ सगळी चढाच्या दिशेनं जातात. उतरणारी अगदी विरळा. मग जनावरं काय फक्त चढतच होती? टेकडीवर गेलेलं सगळं परत कुठं गेलं?

ह्याचा पाठपुरावा एडविन मॅक्की ह्या माणसानं केला. तो ग्रँड कॅन्यनच्या उद्यानात निसर्गतज्ज्ञ म्हणून काम केलेला. त्यानं वाळूचे उतार तयार केले, कोरडे, दमट, ओले, आणि त्यांवरून जिवंत सरडे चालवले. १९४४ मध्ये त्यानं ह्याच चढत्या पावलांवर लेख लिहिला. सैल उतारावरून खाली येणारं जनावर वाळू बरोबर घेऊनच घसरतं. त्याच्या पायाखालून वाळूचा लोंढा सुटतो आणि मागच्या पावलांचा आकारच जातो. चढणारं जनावर एकेक पाय रोवून जातं, म्हणून त्याची नोंद राहते. सगळी उतरत होतीच. वाळूनं चढणाऱ्यांचं तेवढं ठेवलं. ही गोष्ट कळली त्या दिवशी मी आजोळच्या ढिगावरून स्वतः चढून उतरून बघितलं. चढताना माझी पावलं मोजता येत होती. उतरताना नुसती एक चरी पडली.

ह्या विद्येची सुरुवात मात्र स्कॉटलंडमध्ये, एका पाद्र्याच्या हातून झाली. डम्फ्रीसशायर परगण्यातल्या कॉर्नकॉकल मुर ह्या दगडखाणीतून निघालेल्या तांबड्या वालुकाश्मावर पावलं होती. रुथवेल गावचा पाद्री हेन्री डंकन ह्यानं ती नीट तपासली आणि १८२८ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढं त्यांच्यावर निबंध वाचला. जीवाश्म पावलांचं शास्त्रीय वर्णन म्हणून हे अगदी पहिल्या काहींपैकी एक. (हाच तो डंकन, ज्यानं १८१० मध्ये रुथवेलला गोरगरिबांसाठी बचत बँक काढली. अगदी सहा पेनी घेऊन आलेल्या मजुराचंही खातं उघडायचं. म्हसवडच्या बायकांनी १९९७ मध्ये स्वतःची सहकारी बँक उभी केली, ती ज्यांनी बघितली आहे त्यांना डंकन लगेच आपला वाटेल. जो माणूस मजुराच्या चिल्लर नाण्यांची नोंद ठेवतो, तोच खाणीतल्या दगडावरच्या इवल्या पावलांची ठेवतो, ह्यात मला एक सलग स्वभाव दिसतो.)

डंकननं ठशांचे साचे ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडकडं पाठवले. बकलंडनं काय करावं? त्यानं कासवं आणली आणि ती कणकेवरून, ओल्या वाळूवरून, मऊ चिकणमातीवरून चालवली. १८२८ च्या जानेवारीत लंडनमध्ये रॉडरिक मर्चिसन ह्या भूशास्त्रज्ञाच्या घरी तर ह्यासाठी बैठकच भरली होती. मोठे मोठे विद्वान बाह्या वर सारून पिठात हात घालून कणीक मळत होते, लाटत होते, कारण ती कधी फार चिकट व्हायची आणि कासव त्यात अडकून बसायचं. शेवटी ठसे उमटले, आणि दगडातली पावलं कासवाची असावीत असा निष्कर्ष निघाला. पुढं तो टिकला नाही. पर्मियन काळातली, म्हणजे डायनोसॉरांच्याही आधीची, ही पावलं सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजवंशातल्या जनावरांची होती, असं आज मानतात. पण निष्कर्ष चुकला तरी रीत चुकली नव्हती. मेलेल्याचं पाऊल वाचायचं तर जिवंताला चालवून बघा. कणकेवरचं कासव ते मॅक्कीचे सरडे, ह्या शंभराहून जास्त वर्षांत ही रीत कुणी सोडली नाही, आणि आजही ती चालू आहे.

म्हणून मला आमच्या नानांबद्दल लिहायचं आहे.

नाना म्हणजे आजोळच्या वस्तीशेजारचे मेंढपाळ. नात्यातले नाहीत, पण सगळ्या गावाचे नाना. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचं, ऊसवाल्यांच्या रानात खतासाठी बसवायची, पावसाळा आला की माणदेशात परत, अशी त्यांची उमर गेली. त्यांच्याकडं माडग्याळी मेंढरं आहेत, ती जतकडची, उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं असलेली. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून रात्री मेंढरं कोंडली तरी लांडग्याची भीती असतेच. त्यामुळं नानांचा दिवस वाळूकडं बघून सुरू होतो.

एकदा नदीच्या पात्रात एक ठसा दाखवून मी विचारलं, "नाना, हा लांडगा का?"

त्यांनी ठशाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. ते ठशाच्या पुढं नि मागं बघत गेले, पाच-पंचवीस पावलं. मग म्हणाले, "न्हाय गं पोरी, कुत्रं हाय. हे बघ, हितं हुंगलं, हितं वळलं, हितं पाय वर केला. लांडगा कामाला निघाल्यागत जातो. एक रेघ. मागचा पाय म्होरल्याच्या जाग्यावं."

जनावर एका ठशावरून ओळखू नये, चालीवरून ओळखावं, हे जीवाश्म पावलांच्या अभ्यासातलं पहिलं सूत्र आहे. एकाच प्राण्याचं पाऊल चिखलात वेगळं, कोरड्या वाळूत वेगळं, चढाला वेगळं. नुसत्या आकारावर गेलात तर एका जनावराची चार नावं होतात, आणि ग्रँड कॅन्यनच्या पावलांच्या बाबतीत तसं झालेलंही आहे. वेगवेगळी म्हणून ठेवलेली कितीतरी नावं नंतर तपासणीत एकाखाली आणावी लागली. नानांना हे कुणी शिकवलं नाही. त्यांच्या वडिलांनी दाखवलं, लांडग्यांनी पक्कं करून घेतलं.

मेंढपाळाच्या ह्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतर ठिकाणी लोक शहाणे झालेत. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या पेश मेर्ल, त्यूक दोदूबेर वगैरे गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीची माणसांची पावलं वाचायला नामिबियातून तीन सान शिकाऱ्यांना नेलं होतं. आयुष्यभर कालाहारीच्या वाळूत जनावरांचा माग काढणारी माणसं. त्यूक दोदूबेरमध्ये नुसत्या टाचांचे ठसे आहेत. विद्वानांनी त्यांवरून विधी, नाच असे तर्क केले होते. ह्या तिघांनी दिवा धरून निवांत बघितलं, आपसात बोलले, आणि सांगितलं की हा एक मोठा माणूस आणि एक पोरगा, दोघं माती आणायला गेले आणि टाचांवर चालत परत आले. त्यांचं हे म्हणणं रीतसर शोधनिबंधात नोंदवलं गेलं, त्यांच्या नावानिशी. आपल्याकडं वनखातं पूर्वी वाघाचे ठसे काचेवर उतरवून घ्यायचं, प्लास्टरचे साचे काढायचं, आणि त्यात ठसा दाखवणारा बहुतेक वेळा गावातलाच माणूस असायचा. त्याचं नाव कुठल्या कागदावर चढलं?

लाव्ह्याच्या देशात बसून वाळूचं कौतुक करतेय म्हणून कुणाला नवल वाटेल, पण ह्या दोघांची गाठ पडलेली आहे, आपल्याकडं नाही तर ब्राझीलमध्ये. तिथं क्रिटेशियस काळाच्या सुरुवातीला बोतुकातू नावाचं अफाट वाळवंट होतं. त्यावर साडेतेरा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा पसरला, आपल्या दख्खनच्या लाव्ह्यासारखाच भेगांतून आलेला. त्याच वेळी अटलांटिक महासागर उघडत होता, आणि पलीकडच्या नामिबियातही तोच लाव्हा वाळूच्या टेकड्यांवर गेला. हुआब नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी टेकडी जशीच्या तशी, माथ्यासकट, लाव्ह्याखाली झाकलेली सापडते. वारा अजून वाहत होता, टेकड्या अजून सरकत होत्या, तेव्हाच वरून दगड आला. आमच्या डोंगरांखाली काय झाकलं गेलं असेल ह्याची कल्पना करताना मला नेहमी हुआबच्या त्या टेकड्या आठवतात.

बोतुकातूचा वालुकाश्म साओ पावलो राज्यात फरशीसाठी काढतात. आपल्याकडं शहाबादी फरशी तशी तिकडं ही. साओ कार्लोस गावच्या पदपथावरच्या लादीवर १९११ मध्ये एका खाण अभियंत्याला पावलं दिसली. पुढं १९७० च्या दशकात ज्युसेप्पे लिओनार्दी हा इटालियन भूशास्त्रज्ञ, तोही पाद्रीच, अराराक्वारा गावच्या पदपथांवरून खाली मान घालून चालत राहिला आणि त्याला पायाखालच्या लाद्यांवर डायनोसॉरची आणि छोट्या सस्तन प्राण्यांची पावलं सापडत गेली. लोक त्यांवरून बाजाराला जात होते, पोरं शाळेला जात होती. त्या सस्तन प्राण्याच्या पावलांना त्यानं १९८१ मध्ये ब्राझिलिक्नियम असं नाव दिलं. उंदराहून फार मोठा नसलेला जीव, आणि त्याची माहिती हाडांतून नव्हे तर ह्या पावलांतूनच आलेली. ह्याच वालुकाश्मात २००४ मध्ये आणखी एक खूण नोंदली गेली. उतारावर पडलेल्या द्रवानं झालेला खळगा, आणि त्याच्याखाली ओघळाच्या रेघा. डायनोसॉरच्या मुताची खूण. नानांना मी हे सांगितलं तर त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. लेंडी, मूत, लोळण, झाडाला घासलेलं अंग, हे सगळं मिळूनच त्यांच्या लेखी माग पुरा होतो.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर हे काम आज घाईनं चाललं आहे. केपच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या शिंपल्यांच्या चुन्यानं जोडल्या जाऊन दगड झाल्या, त्या मानानं अलीकडच्या, लाखभर वर्षांच्या आगेमागे. चार्ल्स हेल्म आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथं पावलांच्या तीनशेहून जास्त जागा नोंदवल्या आहेत. हत्ती, जिराफ, आता नामशेष झालेले मोठे घोडे, आणि माणसंही. कड्याचा एक तुकडा कोसळतो, पावलं उघडी पडतात, आणि काही महिन्यांत भरतीच्या लाटा ती धुऊन नेतात. त्या वाळूचं वय काढायची रीत मला फार आवडते. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं होतं, ते त्या कणातल्या साठलेल्या ऊर्जेवरून मोजता येतं. पाऊल झाकलं गेलं तो दिवस म्हणजे त्या कणाचा शेवटचा उजेड.

माणगंगेच्या वाळूला तेवढा अवधी मिळणार नाही. पात्रातून वाळू गेली. लिलावानं गेली, लिलावाशिवाय गेली, रात्रीच्या ट्रॅक्टरनं गेली. जिथं आम्ही पोरं कमरेएवढा खड्डा काढून झऱ्याचं पाणी प्यायचो, तिथं आता उघडा खडक आणि वेडी बाभळ. वाळू पाणी धरून ठेवायची, विहिरींना पाझर द्यायची, हे सगळ्या गावाला कळतं. पण तिच्यावरच रोज सकाळी उमटणारी ती नोंदही थांबली, ह्याबद्दल कुणी हळहळलेलं मी ऐकलं नाही. नानांच्या नातवाला मोबाइलवर मेंढरांचे बाजारभाव बघता येतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण लांडग्याची रेघ त्याला दाखवायची कुठं? मुरमावर पाऊल उठत नाही.

वाळू काढणाऱ्यांनी अर्धवट टाकलेल्या एका खड्ड्यात मात्र मला एकदा अशी गोष्ट बघायला मिळाली जी मी तोवर फक्त आकृत्यांमध्ये बघितली होती. उभ्या कापलेल्या भिंतीत वाळूचे बारीक थर एकावर एक दिसत होते, भरड, बारीक, काळसर, पुन्हा भरड. एका जागी वरचा एक थर तुटून खाली गेलेला, त्याच्या खालचा वाकलेला, त्याच्याखालचा थोडा कमी, आणि चार बोटांखाली पुन्हा सगळं सपाट. बैलाचा खूर असावा. वरून गेलेल्या जनावराचा भार खालच्या थरांपर्यंत उतरला होता. वरचं पाऊल वाऱ्यानं नेलं तरी खालचं, थरांत उतरलेलं पाऊल राहतं, आणि जीवाश्मांत सापडणारी कितीतरी पावलं अशी खालच्या थरातली असतात. म्हणून ती थोडी पुसट, थोडी मोठी दिसतात. मी नानांना बोलावून ती भिंत दाखवली. ते बराच वेळ बोट फिरवत उभे राहिले.

त्याच दिवशी मी त्यांना ग्रँड कॅन्यनचा आणखी एक फोटो दाखवला. २०१६ मध्ये ॲलन क्रिल हा नॉर्वेतला भूशास्त्राचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन ब्राइट एंजल वाटेनं चालला होता, तेव्हा वाटेशेजारी पडलेल्या एका मोठ्या धोंड्यावर त्याला पावलं दिसली. कड्यावरून कोसळलेला, दुभंगलेला धोंडा. किती लोक रोज त्याच्या शेजारून जात असतील! स्टीफन रोलंड ह्या भूशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यावरचा निबंध छापला. मानाकाचा नावाच्या थरातला हा दगड एकतीस कोटी तीस लाख वर्षांच्या आसपासचा. वाळूच्या टेकडीवर जनावरं वावरत होती, ह्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. त्यावर चालत गेलेल्या पावलांच्या दोन ओळी आहेत. त्यातली एक चमत्कारिक दिसते. पावलांची तोंडं एका दिशेला, आणि जनावर सरकलंय तिरकं, दुसऱ्याच दिशेला. सुरुवातीला रोलंडनी वेगवेगळे तर्क मांडले होते. जोराचा वारा असेल, उतार निसरडा असेल, दोन जनावरांची झुंज असेल, नाहीतर विणीच्या काळातला काही खेळ असेल.

मी नानांना काहीच सांगितलं नाही. फोटो पुढं धरला आणि विचारलं, हे असं का गेलं असेल?

"चढाला गेलंय," ते म्हणाले. "सरळ चढवंना, म्हणून आडवं घातलंय. मेंढरं बी तसंच करत्यात. तोंड वर, अन् अंग तिरकं. वारं असलं की जास्तच."

निबंधातही शेवटी हेच आहे. सुमारे वीस अंशांच्या उतारावरून ते जनावर तिरकं चढत गेलं, अगदी सावकाश, एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचे दोन. आपली मांजर किंवा कुत्रं हळू चालतं तेव्हा ह्याच क्रमानं पाय टाकतं. मी हे वाचून दाखवल्यावर नाना म्हणाले, मग बघू की, त्यात काय अवघड हाय.

बाभळीशी थोडा ढीग अजून शिल्लक होता. पहाटे दहिवर असताना त्यांनी एक माडग्याळी मेंढी त्या ढिगावर घातली आणि आपण माथ्यावर पाला घेऊन उभे राहिले. ती पहिल्यांदा सरळ वर निघाली, दोनदा घसरली, आणि मग आपोआप आडवी झाली. मी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढत गेले. उताराकडच्या बाजूचे खूर जास्त खोल रुतले होते आणि वाळूची कोर त्यांच्या मागं नव्हे, खालच्या अंगाला उठली होती. मागचा पाय दर वेळी पुढच्याच्या ठशाच्या जरा खाली पडत होता, म्हणून ठशांच्या जोड्या तिरक्या दिसत होत्या. नाना वरून खाली आले, त्यांनी काठीनं एका जोडीभोवती गोल काढला आणि म्हणाले, ही म्हातारी हाय म्हणून असं पडतंय, आता कोकरू चढवून बघू, त्येचं येगळं येईल. कोकरू आणायला ते वाघरीकडं गेले तोवर मी वहीत तारीख, वाऱ्याची दिशा, मेंढीचं वय आणि नानांचं पूर्ण नाव लिहून घेतलं.